सेनेटर वॅग्नर यांचीं मतें: वहींतलीं आणि वहीबाहेरचीं

सावकाराच्या दारांत वही उघडली म्हणजे अडाणी कुणबीसुद्धां दोन गोष्टी विचारतो: माझ्या नांवें काय लिहिलें आणि जमेस काय धरलें? ज्याला अक्षर येत नाहीं तो शेजारच्या शिकलेल्या पोराला बोलावून वाचवून घेतो; पण विचारल्याशिवाय आंगठा उठवीत नाहीं. हाच कुणबी मत देण्याच्या वेळीं मात्र वही मागत नाहीं. उमेदवार कोणाचा कोण, त्याच्यामागें माणसें किती, त्याचें भाषण किती वेळ चाललें, एवढें पाहून तो पांच वर्षांसाठीं आंगठा उठवून मोकळा होतो. निवडून गेलेल्या माणसाची वही कशी वाचावी, हें आज आम्ही एका परदेशी माणसाचें खातें उघडून सांगणार आहों.

हा माणूस म्हणजे अमेरिकेचे सेनेटर रॉबर्ट वॅग्नर. त्यांचेंच खातें निवडण्यास कारण आहे. ते गरिबाच्या घरचे होते. मजुरांच्या संघांना कायद्याचा आधार देणारा अमेरिकेंतला सर्वांत मोठा कायदा त्यांच्या नांवानें ओळखला जातो. आणि त्याच कायद्याच्या दाराबाहेर शेतमजूर व घरकाम करणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. ज्याच्या हातून इतकें भलें झालें त्याच्याच हातून हें राहिलें कसें, हें कळलें तर प्रतिनिधींचीं खातीं वाचण्याची अर्धी विद्या आली असें समजावें.

आधीं तेथील व्यवस्था समजून घेऊं. अमेरिकेंत प्रत्येक राज्याचें स्वतःचें कायदेमंडळ असतें आणि त्यांतील वरिष्ठ सभागृहास सेनेट म्हणतात. साऱ्या देशाचें कायदेमंडळ वॉशिंग्टन येथें आहे. त्याच्याही वरिष्ठ सभागृहाचें नांव सेनेटच. राज्य लहान असो वा मोठें, प्रत्येकाचे तेथें दोन सेनेटर जातात व त्यांची मुदत सहा वर्षांची असते. १९१३ सालापूर्वीं हे दोघे राज्याचें कायदेमंडळ निवडीत असे. त्या सालच्या घटनादुरुस्तीनें ते सरळ लोकांच्या मतांनीं निवडले जाऊं लागले. घटनेंतच असा नियम आहे कीं, हजर सभासदांपैकीं एक-पंचमांशांनीं मागणी केली तर नांवानिशीं मतें घ्यावीं लागतात आणि तीं कामकाजाच्या वहींत नोंदावीं लागतात. कोणीं हो म्हटलें, कोणीं नाहीं म्हटलें, कोण त्या दिवशीं गैरहजर राहिला, तें नातवंडांनासुद्धां वाचतां येतें.

वॅग्नर यांचा जन्म १८७७ सालीं जर्मनींत झाला. आठ-नऊ वर्षांचे असतांना ते आईबापांबरोबर न्यूयॉर्क शहरांत आले. बाप भाड्याच्या चाळींची देखरेख व झाडलोट करी. मुलानें रस्त्यावर वर्तमानपत्रें विकलीं, शिक्षण केलें आणि तो वकील झाला. पुढें ‘टॅमनी हॉल’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या तटांत ते शिरले. हा तट लांचलुचपतीबद्दल देशभर बदनाम होता. तो गरिबाला कोळसा देई, नोकरी लावून देई, आणि त्याचें मत घेई. अशा पाटलकीच्या छायेखालीं वॅग्नर १९०५ सालीं राज्याच्या कनिष्ठ सभागृहांत गेले, १९०९ सालीं राज्याच्या सेनेटमध्यें आले आणि दोनच वर्षांत तेथील बहुमत-पक्षाचे पुढारी झाले. तोंपर्यंत त्यांच्या खात्यावर विशेष सांगण्याजोगी रक्कम नव्हती. आज्ञाधारक माणूस, एवढीच ओळख.

ता. २५ मार्च १९११ रोजीं न्यूयॉर्कमध्यें ट्रायँगल नांवाच्या, बायकांचीं पोलकीं शिवण्याच्या कारखान्यास आग लागली. कारखाना आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवर होता. नवव्या मजल्यावरचें एक दार कुलूप लावून बंद ठेवलें होतें. आग विझविणारांची शिडी सहाव्या मजल्याच्या वर पोंचेना. १४६ माणसें मेलीं. त्यांत १२३ स्त्रिया होत्या आणि बहुतेक तर परदेशांतून पोट भरावयास आलेल्या तरुण पोरी. कित्येकींनीं खिडक्यांतून उड्या टाकल्या. मालकांवर खटला झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ते निर्दोष सुटले.

लोकांचा संताप एवढा होता कीं राज्याला कारखान्यांची चौकशी करण्यासाठीं समिति नेमावी लागली. तिचे अध्यक्ष वॅग्नर व उपाध्यक्ष अल् स्मिथ, दोघेही टॅमनीचेच. पण या समितीनें कचेरींत बसून कागद चाळले नाहींत. फ्रान्सिस पर्किन्स या कळकळीच्या बाईंनीं त्यांना प्रत्यक्ष कारखान्यांत फिरविलें. एका कारखान्यांत आगीच्या वेळीं बाहेर पडण्याची वाट म्हणून भिंतींत एक भोक होतें आणि त्याच्यापुढें बर्फानें माखलेली, जमिनीपासून वरच संपणारी लोखंडी शिडी. त्या भोकांतून बाईंनीं खुद्द वॅग्नर यांना सरपटत जावयास लावलें. फळें-भाज्या डब्यांत भरण्याच्या कारखान्यांत पांच-सहा वर्षांचीं पोरें शेंगा सोलतांना समितीनें पाहिलीं. पुढील तीन-चार वर्षांत न्यूयॉर्कमध्यें तीसहून अधिक कायदे झाले: आगीच्या वेळीं बाहेर पडण्याच्या वाटा, दारें उघडीं ठेवणें, आगीची कवाईत, बायकांच्या रात्रपाळीस बंदी, मुलांच्या कामास आळा. चाळीच्या देखरेख्याच्या पोराच्या खात्यावर ही पहिली मोठी जमा पडली. आमचें म्हणणें असें कीं ती वॅग्नर यांच्याइतकीच, मेलेल्या मुलींच्या मागें रस्त्यावर आलेल्या लाखों लोकांच्या नांवेंही लिहावी.

परंतु याच काळांतली एक नोंद नीट वाचली पाहिजे. १९१२ सालीं कारखान्यांतील बायकांचें काम आठवड्यास ५४ तासांवर आणणारें बिल आलें. तें पास झालें; पण त्यांतून डबाबंद मालाचे कारखाने वगळण्यांत आले. हंगामांत फळ नासतें, तास कसे मोजावे, हें मालकांचें म्हणणें. लाखों बायकांचा लाभ व्हावा म्हणून हजारों बायांना बाहेर ठेवणें पर्किन्सबाईंनींही कबूल केलें. शेतमालाशीं ज्यांचा हात लागतो त्यांस कायद्यांतून वगळण्याची ही रीत पुढें वॉशिंग्टनपर्यंत गेली.

१९१९ पासून कांहीं वर्षें न्यायाधीशाचें काम करून वॅग्नर १९२६ सालीं राष्ट्राच्या सेनेटवर निवडून आले आणि मार्च १९२७ मध्यें आपल्या जागीं बसले. मंदी येण्याच्या आधींच, १९२८ सालीं, त्यांनीं तीन बिलें मांडलीं: बेकारांची मोजदाद करा, मंदींत सरकारी बांधकामें काढा, काम देणाऱ्या कचेऱ्या उघडा. तिसऱ्या बिलास अध्यक्ष हूव्हर यांनीं १९३१ सालीं नकार दिला. १९३३ सालीं रूझव्हेल्ट आल्यावर तें कायद्यांत उतरलें. १९३० सालीं जज्ज पार्कर यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक होऊं घातली होती. मजुरांच्या संघांविरुद्ध त्यांनीं दिलेला निकाल आणि काळ्या लोकांच्या मताधिकाराविरुद्ध पूर्वीं काढलेले उद्गार, या दोन्ही कारणांसाठीं वॅग्नर त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. नेमणूक ३९ विरुद्ध ४१ मतांनीं पडली. दोन माणसांचा फरक! आपल्या एका मतानें काय होणार, असें म्हणणारानें हा आंकडा लक्षांत ठेवावा.

मग १९३५ साल आलें. ता. १६ मे रोजीं सेनेटनें ६३ विरुद्ध १२ मतांनीं वॅग्नर यांचें मजूर-संबंधाचें बिल पास केलें आणि ५ जुलै रोजीं रूझव्हेल्ट यांनीं त्यावर सही केली. हा कायदा सांगतो काय? मजुरांना आपला संघ करण्याचा हक्क आहे. संघांत गेला म्हणून मालकानें कोणास कामावरून काढूं नये. मालकानें स्वतःच्या खिशांतला संघ उभा करून खऱ्या संघाचें नरडें दाबूं नये. संघ कोणता, हें मजुरांनीं गुप्त मतदानानें ठरवावें आणि बहुमतानें ठरलेल्या संघाशीं मालकानें बोलणी केलीच पाहिजेत. तोंपर्यंत मालक एकटा लाखाचा धनी आणि मजूर एकटा पोटाचा धनी, अशा दोघांत करार व्हावयाचा आणि त्यास ‘स्वातंत्र्य’ म्हणावयाचें! १९३७ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा निकालानें हा कायदा टिकविला. त्याच १९३५ सालीं म्हातारपणच्या पेन्शनचा व बेकारीच्या विम्याचा कायदाही वॅग्नर यांनीं सेनेटमध्यें आणला. तो जूनमध्यें ७७ विरुद्ध ६ मतांनीं पास झाला. १९३७ सालीं गरिबांच्या घरांचा कायदा झाला, त्यावरही त्यांचें नांव आहे. ही जमेची बाजू एवढी भारी कीं भल्याभल्यांनीं वही येथेंच मिटली असती.

आम्ही आणखी एक पान उलटतों. १९३५ च्या मजूर-कायद्यांत ‘मजूर’ कोणास म्हणावें याची व्याख्या आहे. त्या व्याख्येंत शेतावर काम करणारा मजूर येत नाहीं आणि दुसऱ्याच्या घरीं धुणेंभांडीं, स्वयंपाक करणारी बाईही येत नाहीं. पेन्शनच्या कायद्यांतूनही हेच दोघे वगळले. ज्याच्या घामानें ताट भरतें तो, आणि जिच्या हातानें तें वाढलें जातें ती, असे दोघेही पंगतीबाहेर! अमेरिकेंतील काळ्या कामकऱ्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक त्या वेळीं याच दोन कामांत होते. तेव्हां कायद्यांत काळ्या-गोऱ्याचा एक शब्दही न लिहितां बहुतेक काळे कामकरी बाहेर राहिले.

हें झालें कसें? १९३४ सालीं वॅग्नर यांनीं आणलेल्या पहिल्या मसुद्यांत शेतमजुरांस वगळलेलें नव्हतें. कमिटींतून बाहेर येतांना ते वगळलेले होते आणि पुढच्या वर्षाच्या बिलांत वगळलेलेच राहिले. दक्षिणेकडील राज्यांचे सेनेटर वॅग्नर यांच्याच पक्षाचे. त्यांतले पुष्कळजण वर्षानुवर्षें निवडून येऊन कमिट्यांचे धनी होऊन बसलेले. आणि त्यांच्या पाठीशीं कापसाचे मोठे जमीनदार. त्यांचीं मतें हवीं तर त्यांचीं शेतें सोडा, असा तो हिशेब. संघांनीं रंगावरून भेद करूं नये असें कलम घालावें, ही काळ्या लोकांच्या संस्थेची मागणीही तशीच राहिली; तिला तर खुद्द मोठ्या मजूर-महासंघाचाच विरोध होता. कनिष्ठ सभागृहांत न्यूयॉर्कचेच व्हिटो मार्कँटोनिओ यांनीं शेतमजुरांस वगळण्यास लेखी हरकत घेतली, ती कागदावर राहिली. त्या सभागृहानें हें बिल नांवानिशीं मतें न घेतां, तोंडी ‘हो’च्या गजरांतच पास केलें.

शेतमजूर त्या वेळीं झोंपले होते असेंही नाहीं. जुलै १९३४ मध्यें आर्कान्सा राज्यांत कापूस पिकविणाऱ्या, अर्धेलीनें जमीन कसणाऱ्या काळ्या व गोऱ्या कुळांनीं एकत्र येऊन आपला संघ काढला होता. सरकार पीक कमी करण्यासाठीं जमिनीच्या मालकांना पैसे देत होतें आणि मालक ते खिशांत घालून कुळांना झोंपड्यांतून बाहेर काढीत होते. संघांत गेलेल्यांस मारहाण झाली, सभा उधळल्या गेल्या. कारखान्यांतल्या मजुरास जें संरक्षण १९३५ सालीं मिळालें तें या कुळांस व मजुरांस मिळालें असतें, तर त्यांच्या पाठीवरचे वळ कांहीं कमी झाले असते.

आतां वाचक विचारतील, शेतमजुरांस वगळण्याच्या बाजूनें कोणकोणत्या सेनेटरांनीं मत दिलें, त्यांचीं नांवें वाचा. येथेंच खरी मेख आहे. वही चाळतां हातीं लागतो तो सबंध बिलावरचा ६३ विरुद्ध १२ हा आंकडा. शेतमजूर बाहेर राहिला तो कमिटीच्या खोलींत. जें सभागृहांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं, त्याची नोंद कोणाच्याच नांवें पडत नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों कीं, दिलेलीं मतें वाचून भागत नाहीं. जीं मतें होऊंच दिलीं नाहींत तींही वाचावीं लागतात.

याचीं आणखी दोन उदाहरणें वॅग्नर यांच्याच खात्यांत आहेत, आणि त्यांत दोष त्यांचा नाहीं. झुंडीनें काळ्या माणसाला पकडून जाळावें किंवा झाडाला टांगावें, ही त्या देशाची लाज. तिला आळा घालणारें बिल त्यांनीं व कॉस्टिगन यांनीं १९३४ सालीं आणलें. पुढें १९३७ सालीं कनिष्ठ सभागृहानें असेंच बिल २७७ विरुद्ध १२० मतांनीं पास केलें. मग दक्षिणेचे सेनेटर १९३८ च्या जानेवारी-फेब्रुवारींत सुमारें सहा आठवडे नुसते बोलत राहिले. बोलणें थांबविण्यास दोन-तृतीयांश मतें लागत. एकदां ३७ विरुद्ध ५१ आणि दुसऱ्यांदा ४२ विरुद्ध ४६, असे दोन प्रयत्न फसले व बिल बाजूस ठेवलें गेलें. झुंडीच्या बाजूनें मत देण्याची पाळी कोणावर आलीच नाहीं. बडबडीनेंच काम भागलें. तसा कायदा अमेरिकेंत शेवटीं २९ मार्च २०२२ रोजीं झाला. मधल्या ८४ वर्षांत बिल मांडणारे गेले, अडविणारे गेले, आणि ज्यांच्यासाठीं तें होतें तेही गेले.

दुसरें उदाहरण १९३९ चें. हिटलरच्या राज्यांतून २०,००० मुलांना दोन वर्षांत, ठरलेल्या संख्येच्या बाहेर, अमेरिकेंत घ्यावें असें बिल वॅग्नर यांनीं मांडलें. लहानपणीं जर्मनींतून आलेल्या माणसानें तेथल्याच पोरांसाठीं दार ठोठावलें. कमिटींत त्याला असे फांटे फोडले कीं मुलें घ्यावयाचीं तर तीं ठरलेल्या संख्येंतच धरावीं, म्हणजे तितक्याच मोठ्या माणसांची वाट बंद करावी. वॅग्नर यांनीं तसलें बिल स्वीकारलें नाहीं. दोन्ही सभागृहांपैकीं एकांतही त्यावर मत झालें नाहीं. मुलांना घेऊं नका असें म्हणणारा हात वहींत एकही सांपडत नाहीं, आणि मुलें तर आलीं नाहींत.

गैरहजेरीचीही नोंद सांगतों. १९४७ सालीं मजूर-कायद्याचे दांत काढणारा टॅफ्ट-हार्टले कायदा आला. अध्यक्ष ट्रूमन यांनीं त्यास नकार दिला. २३ जून रोजीं सेनेटनें ६८ विरुद्ध २५ मतांनीं तो नकार मोडून काढला. त्या दिवशीं आपल्याच कायद्यासाठीं उभे राहण्यास वॅग्नर सभागृहांत नव्हते. ते आजारानें अंथरुणाला खिळले होते. १९४९ च्या जूनमध्यें त्यांनीं राजीनामा दिला आणि १९५३ सालीं ते वारले. बारा वर्षांपूर्वीं ज्या सभागृहानें ६३ हात वर करून हक्क दिले त्यानेंच ६८ हात वर करून ते छाटले. कायदा झाला म्हणजे घरीं जाऊन निजावें, असें मानणाऱ्या संघांना हा धडा पुरेसा आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही फार बारीक चाळण लावतां; शेतमजुरांसाठीं अडून बसले असते तर कारखान्यांतल्या लाखों मजुरांचेंही गेलें असतें; उपाशी राहण्यापेक्षां अर्धी भाकर बरी. तें आम्हांस मान्य आहे. १९३५ सालीं वॅग्नर यांच्या जागीं बसून याहून अधिक आणतां आलें असतें, असें छातीवर हात ठेवून म्हणणें कठीण आहे. अर्धी भाकर घेण्यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती उरलेली अर्धी कोणाकडे राहिली हें विसरण्यास. ज्याला मिळालें त्यानें जयजयकार केला, ज्याला मिळालें नाहीं त्याला सांगितलें कीं थांब. आणि थांबणारा किती थांबला तें पहा. पेन्शनच्या कायद्यांत शेतमजूर व घरकाम करणाऱ्या बाया १९५० व १९५४ च्या दुरुस्त्यांनीं मोठ्या प्रमाणावर आल्या. संघ करण्याचा हक्क कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांस १९७५ सालीं राज्याच्या कायद्यानें मिळाला, आणि तोही १९६५ पासून द्राक्षांच्या मळ्यांत फिलिपिनी व मेक्सिकन मजुरांनीं वर्षानुवर्षें संप केल्यावर. खुद्द वॅग्नर यांच्या न्यूयॉर्क राज्यांत तो २०१९ सालीं मिळाला. राष्ट्राच्या १९३५ च्या कायद्यांतलें तें वगळणारें कलम मात्र अजून तसेंच आहे.

वॅग्नर यांचें खातें मिटतांना आमचा निकाल असा. जमेची बाजू मोठी आहे आणि ती खरी आहे. त्यांच्या काळांत त्यांच्याइतकी जमा फार थोड्यांची असेल. नांवें पडलेली रक्कमही खरी आहे, आणि ती त्यांच्या एकट्याची नाहीं. ज्या मजुरांनीं आपलें मिळाल्यावर शेतमजुराकडे पाठ फिरविली त्यांचीही आहे. मनुष्य भला कीं बुरा, एवढ्यावर भांडणाऱ्यांना वही वाचण्याची जरुरी नसते. आपल्याला आहे.

तेव्हां शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, कोणाही प्रतिनिधीचें खातें तुमच्यापुढें आलें तर त्याला हे प्रश्न घालावे. कोणत्या दिवशीं, कोणत्या बिलावर, तुम्हीं हात कोणत्या बाजूला वर केला? कोणत्या दिवशीं तुम्ही गैरहजर होतां, आणि कां? कमिटीच्या खोलींत बिल गेलें तेव्हां त्यांत कोण होते आणि बाहेर आलें तेव्हां कोण उरले? जें बिल मतापर्यंत आलेंच नाहीं तें कोणीं अडविलें, आणि तुम्ही त्या वेळीं बोललां कीं गप्प बसलां? शेवटीं कायद्यांतली व्याख्या मागून घ्यावी आणि घरांतल्या शिकलेल्या मुलामुलीकडून ती सावकाश वाचवून घ्यावी. सुतार, चांभार, कोष्टी, कुणबी, खळ्यावर राबणारा गडी, दुसऱ्याकडे भांडीं घासणारी बाई, यांपैकीं कोणाकोणाचें नांव तींत बसतें तें पाहावें. ज्याचें बसत नसेल त्याच्यासाठीं आंत बसलेल्यांनीं त्याच दिवशीं तोंड उघडावें.